ढोलापासून दोनशे मीटर, चर्चच्या बाजूला

आमच्या शाळेच्या वाचनालयातली दोन हजार एकशे त्रेचाळीस पुस्तकं मी तीन आठवड्यांत इंटरनेटवर चढवून दाखवीन, आणि तेही कुणाचीही मदत न घेता, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत सांगितलं. सांगताना माझ्या हातात दुपारी तीनच्या कॉफीचा कप होता आणि आवाजाला चांगली धार होती. तीन आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा माझ्या नावावर एकच पुस्तक चढलेलं होतं. ते मधमाश्यांवरचं होतं, आणि साइटने त्याची नोंद 'भांड्यांचा साबण, लिंबाच्या वासाचा' अशी केली होती.

पण मी बोलले त्याला कारण होतं. विभागीय कार्यालयाचं पत्र आलं होतं. आमचे मुख्याध्यापक दॉन एवेलियो यांनी ते उभं राहून वाचलं. कार्यालयाचं पत्र ते बसून वाचत नाहीत. ज्या शाळेच्या वाचनालयाची यादी ऑगस्टअखेर ऑनलाइन दिसणार नाही ते वाचनालय 'निष्क्रिय' समजलं जाईल आणि ती खोली दुसऱ्या उपयुक्त कामासाठी देण्यात येईल, असा मजकूर होता. 'उपयुक्त काम' हे शब्द वाचताना दॉन एवेलियोंनी संगीताच्या मास्तरांकडे पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही की बाकी सगळ्यांनी पाहिलं.

संगीताचे मास्तर म्हणजे दॉन रिगोबेर्तो. माणूस वाईट नाही. पण शाळेचा बँड त्यांच्याकडे, पंधरा सप्टेंबरचं, स्वातंत्र्यदिनाचं, संचलन तोंडावर, आणि वाद्यं ठेवायच्या कोठीचं छप्पर गळायला लागलेलं. आदल्याच दिवशी मी त्यांना माझ्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजताना पकडलं होतं. "सहज बघत होतो, निन्या ओदिली," म्हणाले. सहज बघणारा माणूस आकडे लिहून घेत नाही. त्याच संध्याकाळी त्यांचा मोठा ढोल, तो लाल-पांढरा-निळा, लहान मुलगा आत झोपेल एवढा, माझ्या खोलीच्या मध्यभागी येऊन बसला. दोन दिवसांसाठी.

आता 'निन्या'बद्दल. पुरुषांना नावाआधी 'दॉन' लावलं, म्हणजे राव, की झालं. आमच्याकडे शाळेतल्या बाईला निन्या म्हणजे मुलगी म्हणतात, मग तिचं वय काही का असेना. मी एकोणसाठ वर्षांची मुलगी आहे. त्यातली सव्वीस वर्षं त्या खोलीत गेली. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. वाचनालय माझ्यामागे राहिलं तर मी वाचनालय चालवलं असं लोक म्हणतील. तिथे ढोल राहिले तर म्हणतील, ती ढोलांच्या खोलीत एक बाई बसायची. माझ्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता.

कार्यालयाने पत्रासोबत एक यादी धाडली होती: 'शिक्षक व ग्रंथपालांसाठी चौसष्ट उपयुक्त डिजिटल साधने'. ती शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पडली आणि सगळा स्टाफ तिच्यावर तुटून पडला. तिसरीच्या निन्या ग्रेतेलने प्रश्नमंजूषेचं साधन उचललं आणि चर्चच्या जत्रेत त्यावर बिंगो खेळवला. चौथीच्या वर्गाने गोंगाट मोजायचं यंत्र लावलं. मुलं गप्प बसली की पडद्यावर झाड वाढतं आणि ओरडली की वाळतं. शेजारी बँडचा सराव चालायचा. ते झाड आठवडाभर उगवलंच नाही, आणि मुलं त्यासाठी एकमेकांना दोष देऊन ओरडत राहिली. दॉन एवेलियोंना पोस्टर बनवायचं साधन सापडलं. तेव्हापासून ते प्रत्येक सूचना फुलांच्या चौकटीत काढतात. संडासाला पाणी नसल्याची सूचनासुद्धा.

मी निवडलं एक्केचाळीस नंबरचं साधन. नाव 'एस्तांते', म्हणजे कपाट. शाळांना फुकट. पुस्तकाचा बारकोड फोनने टिपायचा, बाकी सगळं ते आपोआप भरतं, असं लिहिलं होतं. आपोआप या शब्दावर माझा तोवर विश्वास होता.

खातं उघडायला गेले तर त्यांनी पत्ता विचारला. मी लिहिला: जुन्या अंजिराच्या झाडापासून शंभर मीटर दक्षिणेला, तिथून पंचाहत्तर मीटर चर्चच्या बाजूला, डाव्या हाताला, हिरवं फाटक. आमच्या पिएद्रा गोर्दा गावात यापेक्षा चोख पत्ता कुणी देऊ शकत नाही. ते अंजिराचं झाड पडून एकतीस वर्षं झाली, पण ते कुठे होतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि पत्त्याला तेवढं पुरतं. साइट म्हणाली, रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक, दोन्ही आवश्यक. कोपऱ्यात मदतीसाठी एक बाई होती, लिया नावाची. खरी नव्हे, यंत्रातली, पण हसरी.

"तुमच्या रस्त्याचं नाव काय?" लियाने विचारलं.

मी लिहिलं, रस्त्याला नाव नाही, तो रस्ता आहे.

"धन्यवाद. घर क्रमांक काय?"

"हिरवं फाटक."

"हिरवं फाटक हा वैध क्रमांक नाही. तुमच्या रस्त्याचं नाव काय?"

असं आमचं पाऊण तास चाललं. शेवटी मी तिला जरा लागेल असं बोलले. तिने माझ्या अभिप्रायाबद्दल आभार मानले. सव्वीस वर्षं मुलांना गप्प बसवलेली बाई मी, पण या मुलीपुढे माझं काही चालेना.

सल्ला द्यायला दॉन लालो आले. हे माझे शेजारी, चौतीस वर्षं गावाचे पोस्टमन होते, आता निवृत्त. त्यांनी पडद्यावरची ती मागणी वाचली आणि मनाला लावून घेतली. नंबर घराला नसतो, निन्या, नंबर तुरुंगात असतो, असं ते म्हणाले. आपण एवढी वर्षं नुसत्या आठवणीवर पत्रं वाटली, चिंचोळ्या बोळातल्या तीन मार्तांपैकी कुठल्या मार्ताला मुलगा पत्र लिहितो हे आपल्याला अक्षरावरून कळायचं, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं. मग सुचवलं की यंत्राला नंबरच हवा तर एक द्यावा. त्याला काय कळतंय.

मी लिहिलं: मुख्य रस्ता, क्रमांक १. लिया खूश झाली. खात्रीसाठी एक गुप्त आकडा पोस्टाने पाठवत आहोत, म्हणाली. पोस्टाने.

अकरा दिवस गेले. पत्र नाही. नवा पोस्टमन खालच्या सपाटीवरचा आहे, फोनमधला नकाशा बघून पत्रं टाकतो. त्याला विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाला, टाकलंय, क्रमांक एकलाच टाकलंय. पण कुठला क्रमांक एक ते त्याला सांगता येईना, कारण आमच्याकडे जागेचं नाव सांगायला आधी आजूबाजूचं काहीतरी माहीत असावं लागतं. मी शाळेच्या दोन्ही बाजूंची सगळी घरं पालथी घातली. लोकांनी कॉफी पाजली, घरच्या पावाचा तुकडा हातावर ठेवला, आणि आपापल्या पुतण्याकडे इंटरनेटचं कुठलं साधन चांगलं आहे ते सांगितलं. पत्र कुणाकडेच नव्हतं.

अख्ख्या पिएद्रा गोर्दात नंबर असलेली एकच जागा आहे: कबरस्तान. तिथला मधला मोठा रस्ता आणि पहिली कबर गावाच्या मूळ पुरुषाची, दॉन सालोमोनांची. पोस्टमनच्या पोराने इमानदारीने लिफाफा 'मुख्य रस्ता, क्रमांक १' म्हणून तिथे नेऊन ठेवला होता. राखणदाराला वाटलं, घरच्यांचं काही असेल, म्हणून त्याने तो फुलदाणीखाली सरळ करून ठेवला. रविवारी दॉन लालो बायकोच्या कबरीवर फुलं घेऊन गेले तेव्हा त्यांना तो दिसला.

ते तिथून थेट माझ्याकडे आले नाहीत. आधी घरी गेले. नंतर माझं फाटक वाजलं तेव्हा ते पोस्टाची जुनी टोपी घालून उभे होते, पट्टा खांद्यावर, आणि लिफाफा दोन बोटांत धरलेला. "निन्या ओदिली साल्गेरो," पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "सही लागेल." सहीची काही गरज नव्हती. मी केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लिफाफ्यावरची मुंगी दिसली नाही; ती चावली.

खातं उघडलं. आता पुस्तकं.

माझ्याआधी वाचनालय सांभाळणाऱ्या निन्या बेर्ता फार काटकसरी बाई. त्यांनी जुन्या पुस्तकांना पुल्पेरीतून, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, खोकी आणि वेष्टनं आणून कव्हरं घातली होती. तीस वर्षं टिकलेली कव्हरं. प्रत्येकावर बारकोड, पण वेष्टनाचा. मधमाश्या साबण झाल्या. नद्यांचा भूगोल तांदूळ झाला. संतांची चरित्रं मी टिपलीच नाहीत. मागे काय छापलंय ते मला दिसत होतं.

म्हणजे सगळं हाताने भरायचं. दोन हजारांवर पुस्तकं, ऑगस्टची सहा तारीख, आणि कुणाचीही मदत घेणार नाही असं मीच बोललेली. मी दोन दिवस स्वाभिमानाने काढले. तिसऱ्या दिवशी दॉन एवेलियोंनी मला न विचारता फुलांच्या चौकटीत सूचना लावली: शुक्रवारी दुपारी सर्वांनी निन्या ओदिली यांच्या मदतीस जावे, कॉफी मिळेल. मी रागावले. मग कॉफी कुणी करायची ते विचारलं.

सहा जण आले. दॉन रिगोबेर्तोसुद्धा आले, लाजत, आणि ढोल अंगणाकडच्या कपाटाच्या दिशेने जरा सरकवून त्याच्या पुढ्यात बसले. तीन शुक्रवार सगळे बसले. पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, आणि शेवटचा रकाना: 'स्थान'. तिथे कपाटाचा क्रमांक लिहायचा असतो म्हणे. आमच्या कपाटांना क्रमांक नाहीत. कुणी विचारलंही नाही. विचारावं असं त्यात कुणाला काही वाटलंच नाही. जो तो आपल्याला जसा पत्ता लिहिता येतो तसा लिहीत गेला.

'झेरॉक्स मशीन होतं तिथून शंभर मीटर पूर्वेला, खालचा कप्पा.'

'निन्या बेर्ता बसायच्या त्यासमोर, उजव्या हाताला, हिरव्या पुठ्ठ्याचं.'

'मोठ्या ढोलापासून दोनशे मीटर चर्चच्या बाजूला, वरून तिसरा कप्पा, बेडकांच्या पुस्तकाला लागून.'

आमची खोली नऊ मीटर लांब आहे. पण आमच्याकडे शंभर मीटर म्हणजे चौकापासून चौकापर्यंत, मग ते अंतर चाळीस असो की दीडशे. तेव्हा खोलीत एक कपाट म्हणजे शंभर मीटर, अर्धं कपाट म्हणजे पन्नास. हे कुणी ठरवलं नाही. सहाच्या सहा जणांनी तसंच लिहिलं.

आणि मी रोज संध्याकाळी एकेक नोंद तपासली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी असं पसरवलं की मी न बघताच मंजूर केलं. मी बघितलं. मी चुकासुद्धा काढल्या. निन्या ग्रेतेलने झेरॉक्स मशीन धरलं होतं ते दुसरं, खिडकीपाशी होतं ते. बाकीच्यांनी धरलेलं पहिलं, दारापाशी होतं ते. यावर स्टाफरूममध्ये चाळीस मिनिटं बैठक झाली आणि पहिलं झेरॉक्स मशीन अधिकृत ठरलं. निन्या बेर्ता स्वतः काठी टेकत येऊन सांगून गेल्या की त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या, तोंड करून नव्हे. मी अठ्ठावन्न नोंदी दुरुस्त केल्या. माझ्या मते जगात इतकी काटेकोर यादी दुसरी नसेल.

पंचवीस ऑगस्टला शेवटचं पुस्तक चढलं. विभागीय कार्यालयाच्या सल्लागार बाई तपासणीला अठ्ठावीसला येणार होत्या. परीक्षा सोपी: त्या यादीतलं कुठलंही पुस्तक निवडणार, आणि वाचनालयात कधीही न आलेल्या माणसाने ते तीन मिनिटांत शोधून काढायचं. निघालं तर खोली माझी. नाही तर ढोलांची.

त्याच दुपारी दॉन रिगोबेर्तो ढोल घरंगळवत मैदानावर घेऊन गेले. एरवी ते तो सकाळी माझ्या वेळेआधी नेऊन आणत, हे मला तेव्हा कळलं. ढोल गेल्याचा मला आनंद झाला. महिनाभर मी त्याला वळसा घालून चालत होते, कंबरेवर निळे डाग पडले होते. तो आनंद आठेक मिनिटं टिकला. मग निन्या ग्रेतेल फोन हातात घेऊन बेडकांचं पुस्तक न्यायला आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून स्वतःभोवती फिरायला लागली.

"निन्या," ती म्हणाली, "इथला ढोल कुठाय?"

मी साइटवर 'ढोल' शब्द शोधला. सहाशे चौदा नोंदी. साहजिकच होतं. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसणारी ती एकच वस्तू होती.

मी मैदानावर धावले. एकोणसाठाव्या वर्षी, ऑफिसच्या चपलांत, ओल्या गवतावरून. बँड रांगेत उभा होता. छोट्या ड्रमवाल्या मुलांना वाटलं, हे सरावातलंच काही आहे, आणि त्यांनी माझ्या पावलांचा ठेका धरला. मी जोरात धावले तसा ठेका वाढला. दॉन रिगोबेर्तोंनी हात वर करेपर्यंत मी झांजांसकट पोचले होते.

जो ढोल बाहेर काढा म्हणून मी महिनाभर कटकट केली, तो आत ठेवा म्हणून त्या माणसाची विनवणी करायची होती, आणि तीही चाळीस मुलांदेखत. मी केली. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. सराव झाला की रोज त्याच जागी आणून ठेवीन, म्हणाले. मी खडूने फरशीवर गोल आखला. सफाईवाल्या बाईंनी तो पुसला. मी पुन्हा आखला. त्यांनी पुन्हा पुसला आणि दॉन एवेलियोंकडे तक्रार केली की निन्या फरशीवर चित्रं काढते.

सत्तावीसला ताप आल्यासारखं वाटलं म्हणून मी घरी लवकर गेले. अठ्ठावीसला सकाळी खोली उघडली. ढोल नव्हता. दमट हवेने त्याचं कातडं फाटलं होतं आणि दॉन रिगोबेर्तो आदल्या संध्याकाळी तो दुरुस्तीला कार्तागो शहरात घेऊन गेले होते. मला निरोप ठेवला होता. निरोप फुलांच्या चौकटीत होता, म्हणून मी तो वाचलाच नव्हता.

सल्लागार बाई दहाला आल्या. कात्या त्यांचं नाव, चष्मा गळ्यात, बॅगेला कार्यालयाचं ओळखपत्र. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण वागणं असं की मी त्यांना खुर्ची पुसून दिली. दॉन एवेलियो दारात उभे. दॉन लालो खिडकीबाहेर उभे, योगायोगाने. टोपी घातलेली.

कात्याबाईंनी टॅबलेट काढला, डोळे मिटून बोट फिरवलं आणि थांबवलं. ज्वालामुखींचं पुस्तक. त्या पत्ता मोठ्याने वाचायला लागल्या: "मोठ्या ढोलापासून दोनशे मीटर चर्चच्या बाजूला, मग पन्नास वर, टिकोबाच्या चित्राखाली, डाव्या हाताला, पातळ, कोपरा दुमडलेलं."

टिकोबा हा टूकन पक्षी, मोठ्या चोचीचा. पाचवीच्या मुलांनी काढला आणि नावही त्यांनीच ठेवलं.

त्यांनी मान वर केली. खोलीभर पाहिलं. कात्याबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ढोल कुठे होता, निन्या?"

"तिथे," मी म्हटलं आणि बोट दाखवलं.

त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या, नेमक्या गोलाच्या जागी. एकदा चर्चकडे तोंड केलं. चर्च खोलीतून दिसत नाही, पण चर्च कुठे आहे हे माणसाला कळतंच. दोन कपाटं चालल्या. अर्धं कपाट वर हात नेला. टिकोबाकडे बघून हसल्या. पुस्तक काढलं. एक मिनिट चाळीस सेकंद.

मीटर, चर्च, गेलेला ढोल, कशातच त्यांना काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? कॉफी पिताना कळलं की त्या स्वतः बर्फाचा कारखाना होता तिथून तीनशे मीटर उत्तरेला राहतात. दॉन लालोंनी खिडकीतूनच विचारलं, जुना कारखाना की त्याच्या आधीचा. आधीचा, त्या म्हणाल्या. दॉन लालोंनी टोपी काढली.

मला वाटलं, संपलं. मी त्यांना दुसरा पाव आग्रहाने वाढला. पण कात्याबाई कार्यालयाच्या माणूस होत्या, आणि त्यांनी शेरा लिहिला. शेरा असा: यादी उत्कृष्ट. मात्र ढोल प्रत्यक्ष जागेवर नसल्याने सहाशे चौदा नोंदींतील माहिती कालबाह्य आहे. पुढील शुक्रवारी दुपारी बारापर्यंत त्या अद्ययावत केल्यास वाचनालय सक्रिय मानावे. त्यानंतर यादी कुलूपबंद होईल. सोमवारी छायाचित्रकारासह अंतिम पडताळणी.

"फार काही नाही करायचं," जाताना माझा हात धरून म्हणाल्या. "नुसतं 'होता' घाला."

एकदम सगळीकडे 'होता' घालायची सोय आहे का, असं मी लियाला विचारलं. तिने माझ्या रस्त्याचं नाव विचारलं.

म्हणून एकेक नोंद उघडायची, 'ढोलापासून' पुसायचं, 'ढोल होता तिथून' लिहायचं, जतन करायचं. फिरणारं चक्र थांबेपर्यंत वाट बघायची. दर वेळी अर्धं मिनिट. दॉन लालो शेजारी खुर्ची टाकून बसले आणि कुठवर आलो ते मोजत राहिले. मधूनच त्यांचं म्हणणं असं की 'होता' जरा कोरडं वाटतं, 'असायचा' लिहावं, त्यात त्या ढोलाचा मान राहतो. मी म्हटलं, दॉन लालो, तो अजून जिवंत आहे, कार्तागोला आहे. ते म्हणाले, हो, पण तरी.

निन्या ग्रेतेल तासिका संपली की येऊन वीस नोंदी करून जायची. दॉन एवेलियोंनी माझ्या तासिका स्वतः घेतल्या. मुलांना त्यांनी पोस्टर बनवायला शिकवलं. उजवं मनगट बुधवारी सुजलं, गुरुवारी मी डाव्या हाताने केलं. हा सगळा गोंधळ आपल्या ढोलाने झाला, हे स्टाफरूममधून दॉन रिगोबेर्तोंच्या कानावर गेलं. ते दोन दिवस माझ्याशी नजर मिळवेनात. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं, पण सांगायला वेळ नव्हता.

शुक्रवारी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी सहाशे चौदावी नोंद झाली. बारा वाजता साइटवर कुलपाचं चित्र आलं आणि लियाने अभिनंदन केलं. दॉन लालोंनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, सुजलेल्या हाताशी. मग मी आठवड्यात पहिल्यांदा घरी जाऊन ताटावर बसून जेवले. काळ्या घेवड्याचा भात, तळलेलं केळं, वर गुळाचं गरम पाणी. अर्धा तास आडवी पण झाले.

दीड वाजता परत आले तेव्हा ढोल जागेवर होता. नवं कातडं, तीन रंग ताजे. आपली चूक भरून काढायची म्हणून दॉन रिगोबेर्तो पहाटेच्या बसने कार्तागोला जाऊन तो घेऊन आले होते, आणि वाचनालयाला पुन्हा त्रास नको म्हणून बँडमधून कायमचा काढून मला दिला होता. संचलनाला ते शेजारच्या गावाचा मागून आणणार होते. सोबत गवंडीही आणला होता. ढोल चार बोल्टांनी फरशीला बसवून झाला होता आणि भोवतीचं सिमेंट वाळायला सोमवार उजाडेल, असं गवंड्याने सांगितलं.